नदीच्या अल्याड कॅबर्ने, पल्याड मर्लो

गेल्या अंकात फ्रेंच वाइनचं लेबल कसं वाचायचं यावर लिहिलं होतं, की त्यावर बहुतेक वेळा द्राक्षाचं नाव नसतं, गावाचं असतं. त्यावर भरपूर प्रश्न आले आणि बहुतेकांचा रोख एकच, की दोन गावं एकमेकांना खेटून असताना वाइन एवढी वेगळी कशी काय, की हे सगळे नुसते विकायचे धंदे आहेत. म्हणून यावेळी फक्त रेड, फक्त फ्रान्स आणि फक्त शेजारी-शेजारी.

प्रश्न : बोर्डोची 'लेफ्ट बँक' आणि 'राइट बँक' वाइन वेगळी असते असं सगळीकडे वाचतो. शहर तेच, हवामान जवळपास तेच, मग नदी ओलांडली की असं काय बदलतं?

उत्तर : पायाखालची जमीन बदलते. जमीन बदलली की वाण बदलतं आणि बाकीचं सगळं त्याच्या मागोमाग येतं.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणा. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या बोर्डो शहराच्या थोडं पुढे एकत्र येतात आणि जिरोंद नावाची रुंद खाडी होऊन अटलांटिकला मिळतात. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलात तर डाव्या हाताला मेडॉक आणि शहराच्या दक्षिणेला ग्राव्ह, ही झाली लेफ्ट बँक. उजव्या हाताला, दोर्दोन्यच्या पलीकडे लिबूर्न गावाजवळ सेंट-एमिलियाँ आणि पोमरोल, ही राइट बँक.

मेडॉकमध्ये खाडीच्या काठाकाठाने खडीचे बुटके उंचवटे आहेत. ही खडी, म्हणजे गोल गुळगुळीत गोटे, नद्यांनी पिरेनीजमधून आणि मध्य फ्रान्सच्या डोंगरांतून वाहून आणलेली. त्यात पाणी थांबत नाही, सरळ खाली निघून जातं, आणि ऊन पडलं की गोटे पटकन तापतात. कॅबर्ने सोव्हिन्यों हे उशिरा पिकणारं वाण, मणी बारीक, साल जाड, आणि शेवटचे आठ-पंधरा दिवस त्याला कोरडी उबदार जमीन लागतेच. थंड ओल्या चिकणमातीत लावलंत तर पाऊस यायच्या आत ते पिकत नाही आणि मग वाइनला ढोबळी मिरचीचा वास मारतो.

पलीकडे पोमरोलला चिकणमाती आणि सेंट-एमिलियाँच्या पठारावर चुनखडी. ही जमीन थंड, ओलावा धरून ठेवणारी. तिथे मर्लो खूश असतं, कारण ते कॅबर्नेच्या आधीच पिकून मोकळं होतं. मणी मोठा, साल पातळ, साखर जास्त. त्यामुळे लेफ्ट बँकची तरुण वाइन प्यायलात की हिरड्या आवळल्यासारख्या होतात, काळ्या करंटचा आणि देवदाराच्या लाकडाचा वास येतो, जरा ताठ वाटते, आणि राइट बँकची त्याच वयाची वाइन गोलसर, मऊ, पिकलेल्या आलुबुखारासारखी लागते. दोन्हीकडे वाइन मिश्र वाणांचीच असते हे मात्र विसरू नका, डावीकडेही मर्लो असतं आणि उजवीकडे मर्लोला कॅबर्ने फ्रांकची जोड असते, प्रश्न फक्त कोणाचा वरचष्मा आहे एवढाच.

मर्लो लवकर फुटतं याची किंमत पण मोजावी लागते, वसंतात उशिरा पडणाऱ्या हिमाच्या कडाक्यात कोंब जळतात. आणि 1956च्या फेब्रुवारीतली थंडी तर अशी भयंकर होती की राइट बँकचे मळेच्या मळे मुळासकट गेले, आज पोमरोलमधले बरेच 'जुने' वेल त्या थंडीनंतर लावलेले आहेत.

आता जमिनीइतकाच इतिहासाचाही हात आहे बरं का. मेडॉक 17व्या शतकापर्यंत बऱ्यापैकी दलदल होती, डच इंजिनियरांनी चर खणून पाणी काढून दिलं तेव्हा ते खडीचे उंचवटे खऱ्या अर्थाने लागवडीला मोकळे झाले. त्यात पैसा घातला बोर्डोच्या श्रीमंत लोकांनी, म्हणून तिथे आजही मोठमोठ्या इस्टेटी, शातो लाफितकडे शंभराहून जास्त हेक्टर. पोमरोल अख्खं धरून साधारण 800 हेक्टर आणि त्यातलं सगळ्यात नावाजलेलं पेत्रूस साडेअकरा हेक्टरच्या आसपास. बोर्डोत गारोनवर पहिला दगडी पूल झाला तो 1822 साली, तोवर पलीकडचा व्यापार लिबूर्नमधून वेगळाच चालायचा. 1855च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्डोच्या दलालांनी भावावरून जी प्रसिद्ध यादी केली त्यात राइट बँकचं एकही नाव नाही, आणि पोमरोलने तर आजतागायत अशी यादी केलेली नाही, त्यांचं काही अडलंही नाही.

आणि एक गंमत. सेंट-एमिलियाँच्या पोमरोलकडच्या टोकाला खडीचा एक पट्टा आहे, तिथे शातो फिजाक आहे. राइट बँकवर असूनही तिथे मर्लो, कॅबर्ने फ्रांक आणि कॅबर्ने सोव्हिन्यों जवळजवळ समसमान लावलेलं आहे आणि सेंट-एमिलियाँच्या स्वतःच्या 2022च्या यादीत त्याला सगळ्यात वरचा दर्जा मिळाला. म्हणजे कुठला काठ हे महत्त्वाचं नाहीच, खडी कुठे आणि चिकणमाती कुठे हे महत्त्वाचं. डावं-उजवं हा फक्त लक्षात ठेवायचा सोपा मार्ग.

प्रश्न : वाइनमध्ये 'मातीची चव', 'ग्रॅनाइटची चव' येते असं म्हणतात. खरंच येते का?

उत्तर : नाही. आणि या एका वाक्याने वाइनच्या गप्पांमधला निम्मा धूर निघून जातो असं माझं मत आहे.

ग्रॅनाइटला चव नसते, चाटून बघा. वेल मुळांतून पाणी घेतो आणि त्यात विरघळलेले थोडेसे क्षार घेतो, दगड काही चढून घडात जात नाही. ग्लासात जे वास येतात ते द्राक्षाच्या सालीतून, आंबवण्यातून, लाकडी पिंपातून आणि मुरण्यातून येतात. तरी जमिनीने फरक पडतो, आणि प्रचंड पडतो, फक्त तो पाणी आणि ऊब या दोन वाटांनी पडतो.

बोर्डो विद्यापीठातल्या जेरार सेगँ यांनी मेडॉकच्या जमिनींवर वर्षानुवर्षं काम केलं आणि त्याचा गाभा असा की उत्तम मळ्यांची रासायनिक घडण कुठलीही असो, वेलाला पाणी बेताने मिळतं ही गोष्ट सगळीकडे सारखी. मण्यात पाणी उतरायच्या सुमाराला जमिनीत ओल कमी झाली की शेंडा थांबतो, वेल पानं वाढवायचं सोडून घडाकडे वळतो, मणी लहान राहतो आणि रसाच्या मानाने साल जास्त होते. रंग, टॅनिन (हिरड्या आवळणारा तुरट घटक), वास बहुतेक सालीतच असतो. खडीत हे होतं कारण पाणी निघून जातं. पेत्रूसच्या निळसर चिकणमातीत उलट्या वाटेने तेच होतं, ती माती एकदा फुगली की वरचं जास्तीचं पाणी आत घेत नाही आणि धरलेलं पाणी मुळांना हळूहळू, चिक्कूपणाने सोडते. म्हणजे दोन अगदी उलट्या जमिनी आणि वेलाच्या दृष्टीने हिशोब एकच.

'मिनरल' हा शब्द मीही बोलताना वापरतो, सवय आहे, पण तो वर्णन म्हणून घ्या, कारण म्हणून नको.

प्रश्न : मेडॉकमध्येच पोयाक, मार्गो, सेंट-जुलियाँ, सेंट-एस्तेफ अशी गावं आहेत. सगळीकडे खडी, सगळीकडे कॅबर्ने. यांच्यात खरंच फरक कळतो का, की लेबलावर वाचलं म्हणून कळतो?

उत्तर : कळतो, पण जेवढा सांगतात तेवढा नाही.

उत्तरेकडून दक्षिणेकडे या. सेंट-एस्तेफमध्ये खडीखाली चिकणमाती जास्त, त्यामुळे वाइन जरा कठीण, आंबटपणा ठळक, उशिरा खुलणारी. त्याच चिकणमातीने 2003च्या भयानक उन्हाळ्यात त्यांना वाचवलं, बाकीच्या ठिकाणी वेल होरपळत असताना इथे खाली ओल शिल्लक होती आणि त्या वर्षीच्या त्यांच्या वाइनचं नाव झालं. मग पोयाक, खोल खडी, आणि 1855च्या यादीतल्या पाच प्रीमिये क्रूपैकी (म्हणजे पहिल्या वर्गातल्या इस्टेटींपैकी) तीन याच एका गावात, लाफित, ला तूर आणि मूताँ. पैकी मूताँ मुळात दुसऱ्या वर्गात होतं, 1973 साली वर चढवलं, आणि 1855च्या यादीतली वर्ग बदलायची एवढी एकच मोठी घटना. पोयाकची वाइन म्हणजे कॅबर्नेचा सगळ्यात दणकट अवतार. त्याच्या खाली सेंट-जुलियाँ, जिथे पहिल्या वर्गातलं एकही नाही पण यादीतल्या अकरा इस्टेटी छोट्याशा गावात आहेत, आणि दर्जाच्या बाबतीत चारही गावांत सगळ्यात भरवशाचं हेच असं मी म्हणेन. मग मधे बरंच अंतर जातं आणि येतं मार्गो, जमीन पातळ, खडी बारीक आणि फिकट, वाइनचा वास आधी येतो आणि अंग नंतर जाणवतं. मार्गो हे नाव एका गावाचं असलं तरी ते आजूबाजूच्या गावांनाही लावायची परवानगी आहे आणि तिथल्या जमिनी एकसारख्या अजिबात नाहीत, त्यामुळे 'मार्गो म्हणजे नाजूक' हे वाक्य डोळे मिटून घेऊ नका.

आता सीमा बघा. सेंट-जुलियाँचं लेओव्हिल लास काझ आणि पोयाकचं ला तूर यांच्या मधे फक्त एक ओहोळ आहे. लास काझची वाइन चाखणारे बरेच जण म्हणतात की ही सेंट-जुलियाँपेक्षा पोयाकच जास्त वाटते, आणि त्यात नवल काय, खडीचा उंचवटा तोच, खाडीचं तेच दर्शन, फक्त कागदावरची रेघ मधे आली. वरच्या बाजूला लाफित आणि सेंट-एस्तेफचं कोस देस्तूर्नेल यांच्या मधेही असाच एक ओढा आणि दलदलीची कुरणं. आणि लाफितचे काही वाफे तर चक्क ओढ्यापलीकडे सेंट-एस्तेफच्या हद्दीत आहेत, तरी त्यांची वाइन पोयाक म्हणूनच विकायची मुभा आहे. कायद्याच्या रेघा माणसांनी मारलेल्या असतात, त्यात मालकीही बघितली जाते.

म्हणून सरासरीने गावाचा स्वभाव असतो, एकेका बाटलीला तो लागू होईलच असं नाही.

प्रश्न : बर्गंडी एवढी महाग आणि गंभीर, आणि तिच्याच शेपटाला असलेलं बोजोले म्हणजे हलकंफुलकं, थंड करून प्यायचं. असं का?

उत्तर : इथे तर राजाज्ञाच आहे. म्हणजे ड्यूकची.

1395 साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप, ज्याला 'धाडसी' म्हणायचे, त्याने फर्मान काढून गामे या वाणाला आपल्या मुलखातून उपटून टाकायला सांगितलं, कारण गामे भरपूर पिकतं, लवकर पिकतं, शेतकऱ्याला सोयीचं पडतं आणि त्यामुळे लोक पिनो नुआर हे बर्गंडीचं मुख्य रेड वाण सोडून त्याच्या मागे लागले होते. फर्मानाची भाषा वाचली तर वाटतं ड्यूकचं त्या झाडाशी काही वैयक्तिक वैर होतं, त्याला त्याने दगाबाज म्हटलंय. पुढे 1999 साली डीएनए तपासणीत निघालं की गामे हे पिनोचंच अपत्य आहे, पिनो आणि गुए ब्लाँ नावाच्या एका कमअस्सल पांढऱ्या वाणाच्या संकरातून झालेलं. घरच्याच पोराला हाकललं म्हणायचं. उत्तरेकडून गामे हटत गेलं आणि दक्षिणेला बोजोलेत मात्र टिकलं.

आणि टिकलं ते बरंच झालं, कारण बोजोलेच्या उत्तर भागात ग्रॅनाइट आणि त्याची भुसभुशीत आम्लधर्मी वाळू आहे, तिथे गामेच्या बेसुमार वाढीला आपोआप लगाम बसतो. बर्गंडीच्या कोत-दोर उतारावर चुनखडी आणि चिकणमाती, ती पिनोची जागा. म्हणजे ड्यूकचं म्हणणं उद्धट असलं तरी शेतकी म्हणून अगदीच चुकीचं नव्हतं.

दुसरा फरक तळघरातला. बर्गंडीत साधारणपणे द्राक्षं देठापासून वेगळी करून (काही जण देठ ठेवतातही) दोन-तीन आठवडे सालींसकट आंबवतात आणि मग वर्ष-दीड वर्ष ओकच्या पिंपात ठेवतात. बोजोलेत अख्खे घड न फोडता टाकीत भरतात. खालचे मणी वरच्या वजनाने फुटतात, आंबायला लागतात, त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड टाकीभर पसरतो आणि वरचे अख्खे मणी हवेशिवाय आतल्या आतच आंबू लागतात. यात रंग आणि फळाचा वास भरपूर निघतो, टॅनिन कमी निघतं. नूव्हो बोजोले, म्हणजे त्याच वर्षीची कोवळी वाइन, तर अशा टाकीत जेमतेम चार-पाच दिवस असतं आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात, हा गुरुवार 1985 पासून ठरलेला आहे, आधी 15 नोव्हेंबर ही तारीख होती. केळ्याचा, च्युइंगगमचा जो वास लोक बोजोलेच्या माथी मारतात तो या पद्धतीचा आणि घाईचा आहे, गामेचा नाही.

नूव्होने बोजोलेला पैसा दिला आणि नाव घालवलं, माझं स्पष्ट मत. कारण त्याच भागात दहा क्रू गावं, म्हणजे स्वतःच्या नावाने वाइन विकणारी वरच्या दर्जाची गावं, आहेत आणि त्यांच्यातला आपापसातला फरक हा या सगळ्या पानातला सगळ्यात स्वस्तात शिकता येणारा धडा आहे. फ्लरी आणि मुलाँ-आ-व्हाँ शेजारी आहेत, दोन्हीकडे गुलाबी ग्रॅनाइट, दोन्हीकडे गामे. फ्लरी हलकं, फुलांच्या वासाचं, लगेच प्यावं असं. मुलाँ-आ-व्हाँच्या जमिनीत मँगनीज आहे, ते वेलाला थोडं छळतं, पीक कमी येतं, आणि वाइन गडद, टॅनिनवाली, दहा वर्षं ठेवलीत तरी चालेल अशी निघते, आणि तेवढी मुरली की ती चक्क पिनोसारखी वागायला लागते. थोडं पलीकडे मॉर्गों, त्यातली कोत द्यू पी ही निळसर-काळ्या दगडाची टेकडी, तिथली वाइनही अशीच टिकाऊ.

प्रश्न : व्होलने आणि पोमार दोन्ही बर्गंडी, दोन्ही पिनो. एक 'रेशमी' आणि एक 'रांगडं' हे कितपत खरं?

उत्तर : ही दोन गावं बोन शहराच्या दक्षिणेला एकाला लागून एक आहेत आणि दोघांकडे ग्रँ क्रू (सगळ्यात वरच्या दर्जाचा मळा) एकही नाही, त्यामुळे तुलना बरोबरीची होते. व्होलनेत उतार जास्त, माती पातळ, चुनखडी वर आलेली. पोमारमध्ये चिकणमाती जास्त आणि लोहही, र्‍युजियाँ नावाच्या मळ्याची माती तर लालसर दिसतेच. पाणी जास्त धरणारी जमीन, जाड साल, जास्त टॅनिन, इतकं सरळ आहे.

पण जुनी पुस्तकं वाचून पोमार घेतलंत तर हल्ली जरा फसायला होईल. पूर्वी साली दाबून, ढवळून खूप अर्क काढायचे, आता बहुतेक जण हात हलका ठेवतात आणि पोमारचा रांगडेपणा बराच निवळलाय. फरक आहे, पण आता कुजबुजीतला आहे.

जाता जाता, सांतनो नावाचा मळा व्होलनेच्या पलीकडच्या मर्सो गावाच्या हद्दीत आहे. तिथे पिनो लावून रेड केली तर लेबलावर व्होलने-सांतनो, शार्दोने लावून व्हाइट केली तर मर्सो. एकाच बांधावर उभं राहून दोन गावं.

प्रश्न : रोन नदीच्या खोऱ्याच्या उत्तर भागात रेडसाठी सगळीकडे सिरा (म्हणजे शिराझ) हेच वाण असतं, तर एर्मिताज, क्रोझ-एर्मिताज, कोर्नास, सेंट-जोसेफ, कोत-रोती एवढी नावं कशाला? आणि क्रोझ-एर्मिताज हे एर्मिताजचं स्वस्त रूप का?

उत्तर : शेवटचं आधी घेतो कारण त्यात पैसे जातात. नाही, रूप वगैरे काही नाही. एर्मिताज म्हणजे तॅं गावाच्या डोक्यावरची एक टेकडी, जेमतेम 140 हेक्टर, दक्षिणेकडे तोंड, पश्चिम बाजूला ग्रॅनाइट, नदी इथे वळते त्यामुळे दिवसभर ऊन. क्रोझ-एर्मिताज म्हणजे त्या टेकडीभोवतीचा मुलूख, एर्मिताजच्या दहापटीहून मोठा, आणि त्यातला बराचसा भाग सपाट, यंत्राने काम करता येईल असा. चांगलं क्रोझ चांगलंच असतं, पण ते वेगळ्या जमिनीवरचं वेगळं पेय आहे, नावातलं एर्मिताज बघून मोठ्या भावाची अपेक्षा ठेवू नका.

आता बाकीच्यांबद्दल. कोत-रोती सगळ्यात उत्तरेला, शिस्ट या पापुद्र्यांच्या खडकाचे उभे कडे, बांध घालून केलेल्या पायऱ्या, इतके उभे की बरंचसं काम हातानेच. तिथे सिराबरोबर 20 टक्क्यांपर्यंत व्हिओन्ये हे पांढरं वाण एकत्र आंबवायची मुभा आहे, प्रत्यक्षात बहुतेक जण त्याच्या खूपच कमी घालतात किंवा घालतच नाहीत, पण थोडंसं जरी असलं तरी वाइनचा वास वर उचलला जातो आणि रंगही पक्का बसतो. शेजारचं कोंद्रिये गाव तर व्हिओन्येसाठीच ओळखलं जातं. कोर्नासला असलं काही चालत नाही, शंभर टक्के सिरा. कोर्नास म्हणजे डोंगरांच्या कुशीतली ग्रॅनाइटची वाटी, उत्तरेकडून येणाऱ्या थंड मिस्ट्राल वाऱ्यापासून बऱ्यापैकी आडोसा, त्यामुळे कोत-रोतीपेक्षा उष्ण आणि काढणी लवकर. वाइन काळी, राकट, मिरीच्या वासाची, तरुणपणी अंगावर येणारी.

सेंट-जोसेफ ही मात्र सरकारी कथा आहे. 1956 साली हे नाव मिळालं तेव्हा ते तूर्नों आणि मोव्हच्या आसपासच्या मोजक्या गावांपुरतं होतं, नंतर 1969 साली ते ताणून नदीच्या पश्चिम काठाने जवळपास 50 किलोमीटर लांब केलं. त्यामुळे सेंट-जोसेफ असं नुसतं लिहिलेलं बघून तुम्हाला काहीच कळत नाही, उत्तरेकडचं थंड की दक्षिणेकडचं ग्रॅनाइटच्या उतारावरचं. इथे मी गावाऐवजी बनवणाऱ्याचं नाव बघूनच घेतो.

आणि शुद्धतेच्या गप्पा मारणाऱ्यांसाठी: 19व्या शतकात बोर्डोची पातळ वाइन जाडसर करायला त्यात एर्मिताज सर्रास मिसळत, आणि अशी 'एर्मिताज केलेली' वाइन जास्त भावाने जायची.

प्रश्न : शातोनफ-द्यु-पाप आणि जिगोंदास यांच्यात काय फरक?

उत्तर : दोन्ही दक्षिण रोन, दोन्हीकडे ग्रेनाश या वाणाचा वरचष्मा. शातोनफच्या पठारावर बऱ्याच ठिकाणी मोठे गोल गोटे आणि खाली लाल माती, काही भागांत निव्वळ वाळू, आणि वाळूवरची ग्रेनाश गोट्यांवरच्यापेक्षा कितीतरी नाजूक असते. जिगोंदास दांतेल द मोंमिराय या चुनखडीच्या सुळक्यांच्या पायथ्याला, मळे वरपर्यंत चढलेले, रात्री थंड, वाइन जरा ताठ आणि ताजी. सध्याच्या उष्ण वर्षांत मला जिगोंदास जास्त आवडतं. शातोनफच्या महापौराने 1954 साली गावाच्या हद्दीत उडत्या तबकड्यांना उतरायला बंदी केली होती, हे मी केवळ राहवत नाही म्हणून सांगतोय.

प्रश्न : हवामान तापत चाललंय, मग हे शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधले फरक राहणार का?

उत्तर : राहतील, पण जागा बदलतील. सेंट-एमिलियाँ-पोमरोलमध्ये मर्लो आता इतकं भरभर पिकतं की साडेचौदा-पंधरा टक्के अल्कोहोल ही काही नवलाई राहिली नाही, म्हणून बरेच जण नव्या लागवडीत कॅबर्ने फ्रांक वाढवतायत. उलट मेडॉकमध्ये ज्या थंड जमिनींवर कॅबर्ने पूर्वी कच्चं राहायचं तिथे ते आता पिकायला लागलंय. म्हणजे उजवीकडची वाइन थोडी ताठ व्हायचा प्रयत्न करतेय आणि डावीकडची थोडी मऊ झालीय.

2021 साली साध्या बोर्डो आणि बोर्डो सुपेरिअर या नावांसाठी सहा नवी वाणं मंजूर झाली, त्यातली चार रेडची, जसं मार्सेलान आणि पोर्तुगालचं तूरिगा नासिओनाल. पण मळ्याच्या 5 टक्क्यांच्या आत आणि मिश्रणात 10 टक्क्यांपर्यंतच. पोयाक-पोमरोलला ती लागू नाहीत. फ्रेंच लोक घाई करत नाहीत.

प्रश्न : हे सगळं वाचून पटतं पण तोंडात कळत नाही. फार खर्च न करता फरक शिकायचा तर काय घ्यावं?

उत्तर : मोठी नावं सोडा. बोर्डोसाठी एक ओ-मेडॉक आणि एक लालांद-द-पोमरोल, पहिलं लेफ्ट बँकचं आणि दुसरं पोमरोलच्या लगेच उत्तरेचं. वर्ष एकच घ्या, दोन वेगळ्या वर्षांच्या बाटल्या शेजारी ठेवल्या तर तुम्ही पावसाची तुलना करत बसाल. 2016 किंवा 2019 मिळालं तर उत्तम, दोन्ही काठांना ती वर्षं चांगली गेली. लेबलाच्या मागच्या बाजूला वाणांचे टक्के दिलेले असतात का बघा, कारण ओ-मेडॉकमध्ये हल्ली अर्धंअधिक मर्लो असलेल्या बाटल्याही खूप निघतात आणि मग तुलनेचा अर्थच जातो.

बोजोलेसाठी फ्लरी आणि मुलाँ-आ-व्हाँ, शक्यतो एकाच उत्पादकाची, म्हणजे तळघरातली पद्धत तीच राहते आणि जमिनीचाच फरक उरतो. ही जोडी मी सगळ्यात आधी सुचवतो. गामे 13-14 अंशांना आणि बोर्डो 17 अंशांच्या आसपास, त्याहून गरम झाली की दोन्ही बँकांची वाइन सारखीच दारू लागते. ग्लास सारखेच घ्या आणि बाटल्या कागदात गुंडाळून कोणाकडून तरी ओतून घ्या, लेबल दिसलं की जीभ वाचायला लागते. घोट घेतल्यावर चवीचं नाव शोधत बसू नका, आधी फक्त हिरड्या कुठे आवळल्या आणि तोंडाला पाणी किती सुटलं एवढंच टिपा, आलुबुखार की करंट ते नंतर. थोडी वाइन ग्लासात ठेवून तासाभराने पुन्हा चाखा, मेडॉक तेवढ्या वेळात बरंच बदललेलं असतं.